सहरीच्या ताटाशेजारची गोळी

मुंब्रा, राबोडी, कल्याणचा दूधनाका. पहाटे सहरीची लगबग सुरू होते. हृदयात स्टेंट बसवलेल्या रोजेदारापुढे प्रश्न असतो: महिनाभर गोळ्या बंद ठेवल्या तर?

तसे करू नये. स्टेंट म्हणजे धातूची जाळी. तिच्यावर पेशींचा थर चढेपर्यंत रक्त गोठण्याचा धोका मोठा. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल तो रोखतात. अचानक थांबवल्यास गुठळी होऊन झटका येऊ शकतो. या गोळ्या बहुधा दिवसातून एकदाच असतात, इफ्तारनंतर घेता येतात. टिकाग्रेलोर दोनदा: इफ्तारला आणि सहरीला. मात्र वेळ बदलणे असो वा रोजा ठेवणे, आधी डॉक्टरांना विचारावे.

प्रकृतीला झेपत नसेल, तर सुरह बकराच्या १८५व्या आयतीत आजाऱ्याला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत आहेच. रोजा पुढे ढकलता येतो, गोळी नाही.