फोटो येतील ना?

मासवण-मनोर पट्ट्यात लग्न ठरलं की हॉल आणि डीजेच्या बरोबरीनं फोटोग्राफरचीही तारीख पकडावी लागते. एप्रिल-मेमध्ये मुहूर्त एकावर एक येतात आणि पालघर-बोईसरचे हात बसलेले फोटोग्राफर तोवर बुक झालेले असतात. बोलणी सुरू झाली की यजमानांचा पहिला प्रश्न ठरलेला: कॅमेरा कुठला? दुसरा: ड्रोन आहे ना? फोटोग्राफरांनाही या प्रश्नांची इतकी सवय झालीय की काहींच्या कार्डावर स्वतःच्या नावापेक्षा कॅमेऱ्याचं चित्र मोठं असतं. माझ्या मते पहिला प्रश्न दुकानदाराला विचारायचा आहे. फोटोग्राफरला विचारायचं ते असं, की हा कॅमेरा ऐन मुहूर्तावर बंद पडला तर तू काय करशील?

रोलच्या काळात हे विचारावं लागत नसे, कारण काळजी उघड होती. एका रोलमध्ये छत्तीस फोटो. हळद, वरात, अक्षता, पाठवणी सगळं त्या हिशेबात बसवायचं. रोल धुवायला जायचा, प्रिंट यायला काही दिवस लागायचे आणि तोवर घरातलं प्रत्येक माणूस एकच विचारायचं: फोटो येतील ना? त्या दिवसांत फोटोग्राफर विकत होता तो भरवसा. पेन्टॅक्स के-१००० (१९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षं हा कॅमेरा बनत होता) किंवा निकॉन एफएम-२ वापरणाऱ्यांना त्यांचं कौतुक होतं ते वेगळ्याच कारणानं. या कॅमेऱ्यांचं शटर पूर्ण यांत्रिक. सेल संपला तर फक्त प्रकाशमापक बंद, फोटो निघायचा थांबत नाही. गावाकडच्या कामात ही फार मोठी गोष्ट होती.

यंत्र आणि पेशा यांचं नातं नीट समजून घ्यायचं तर मी होमाई व्यारावाला यांच्याकडे वळतो. पालघरहून जाणारी रेल्वेलाइन पुढे नवसारीला पोचते. त्या नवसारीत १९१३ साली त्यांचा जन्म झाला. वाढल्या मुंबईत, शिकल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, कॅमेरा शिकवला माणेकशा व्यारावालांनी. पुढे त्यांच्याशीच लग्न झालं. सुरुवातीची चित्रं नवऱ्याच्या नावानं छापली जात. १९३८च्या सुमारास 'बॉम्बे क्रॉनिकल'नं एका छायाचित्राला एक रुपया दिला. १९४२ला ब्रिटिश माहिती खात्याच्या कामासाठी त्या दिल्लीला गेल्या आणि तिथे साडी नेसून, सायकलवर सामान लादून देशाच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार झाल्या. १६ ऑगस्ट १९४७ला लाल किल्ल्यावर फडकलेला तिरंगा, गांधीजींची अंत्ययात्रा, माउंटबॅटन यांचं प्रस्थान, हे सगळं त्यांच्या कॅमेऱ्यानं टिपलं.

त्यांचं एक साधन होतं स्पीड ग्राफिक हा कॅमेरा. त्याच्या एका होल्डरमध्ये दोनच फिल्म, पुढून एक, मागून एक. क्लिक झालं की फिल्मवर झाकण सरकवायचं, होल्डर उलटा करायचा, शटर पुन्हा ताणायचं. जळालेला फ्लॅशचा बल्ब काढून नवा लावायचा, कारण एक बल्ब एकदाच पेटतो. एवढं होईस्तोवर पंतप्रधान गाडीत बसून गेलेले असायचे. रोलायफ्लेक्स त्यापेक्षा हलका, पण त्यातही एका रोलला बाराच फोटो. म्हणून माणूस आधी उभं कुठं राहायचं ते ठरवायचा, समोरच्याच्या हालचालीचा अंदाज घ्यायचा आणि मग बोट दाबायचा. हा संयम स्वभावातून कमी आणि होल्डरमधून जास्त आलेला आहे, असं मला वाटतं. आज कुणाला तशी शिस्त नाही म्हणून नव्या पोरांना बोल लावणारे हे विसरतात.

पण होमाईबाईंचं खरं बोलणं यंत्राबद्दल नव्हतंच. १९७०मध्ये, पतीच्या निधनानंतर वर्षभरात, त्यांनी कॅमेरा खाली ठेवला. पुढे त्या सांगत, आमच्या वेळी छायाचित्रकारांचे नियम होते, पोशाखाचाही रिवाज होता, आम्ही एकमेकांना मान द्यायचो. नवे लोक झटपट कमाईच्या मागे लागले, त्या गर्दीत राहावंसं वाटलं नाही. नवीन कॅमेरे आले म्हणून त्या गेल्या नाहीत. माणसांचं वागणं बदललं म्हणून गेल्या.

हे वागणं आपण मांडवात बघतोच. आंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात आणि पाहुण्यांना दिसतात ते फोटोग्राफर, व्हिडिओवाला, त्याचा लाइट धरणारा आणि स्टेजवर चढलेला कँडिडवाला. वधूच्या मामाला जागा मिळत नाही. याला मी यंत्राचा दोष म्हणणार नाही. उलट आजच्या लेन्सनं मागे उभं राहूनही डोळ्यातलं पाणी टिपता येतं.

डिजिटलची सुरुवात गमतीची आहे. १९७५मध्ये कोडॅकचा तरुण अभियंता स्टीव्हन सॅसन यानं पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे आणि चित्र होतं ०.०१ मेगापिक्सेलचं. कंपनीचा पैसा फिल्ममध्ये अडकलेला, म्हणून तिनं ते फारसं मनावर घेतलं नाही. १५ जानेवारी २०१२ला होमाई व्यारावाला गेल्या. १९ जानेवारीला कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केला. चार दिवसांचं अंतर. योगायोग आहे, पण बातम्या वाचताना लक्षात राहणारा.

आता 'फोटो येतील ना?' कुणी विचारत नाही, कारण मागच्या पडद्यावर लगेच दिसतात. काळजी मात्र संपलेली नाही, ती पुढे सरकलीय. आधी भीती क्लिक आणि प्रिंट यांच्यामधली होती, आता ती फोटो पडद्यावर दिसल्यानंतरची आहे, अगदी पुढच्या वर्षांपर्यंतची. मेमरी कार्ड जेमतेम टपाल तिकिटाएवढं. ते करप्ट झालं तर हळदीपासून पाठवणीपर्यंत सारंच गेलं. दोन कार्ड घेणारा कॅमेरा दोन्हींवर एकाच वेळी तेच चित्र लिहू शकतो, हा त्यावरचा पहिला इलाज. आणि एक गोष्ट फोटोग्राफरनं जाणावी: कार्डावरचा फोटो डिलीट झाला की बहुतेक वेळा फक्त यादीतली नोंद पुसली जाते, चित्र तिथंच असतं. त्यावर नवा फोटो पडला की संपलं. म्हणून कार्डानं घोळ घातला की शूटिंग थांबवून कार्ड बाजूला ठेवायचं. घाबरून त्याच कार्डावर आणखी चार क्लिक करणारे असतात.

आपल्या पट्ट्यातली दुसरी अडचण दमट हवा. पावसाळ्यात बॅगेत बंद राहिलेल्या लेन्सच्या काचेवर बुरशीचं जाळं येतं आणि वेळीच न आवरल्यास काचेवरचा थर खाऊन टाकतं. सिलिका जेलच्या पुड्या स्वस्त आहेत, पण ओल्या झाल्यावर बदलाव्या लागतात. ड्रोनची तर वेगळीच कथा. तारापूरचं अणुऊर्जा केंद्र १९६९पासून चालू आहे. तसल्या ठिकाणाच्या आसपास ड्रोन उडवायच्या आधी सरकारी नकाशावरच्या रंगावरून तिथे परवानगी आहे का ते बघायचं असतं. यजमानांनी 'उडव रे' म्हटलं तरी फोटोग्राफरनं 'नाही' म्हणणं हे पेशाचंच काम आहे.

राहता राहिला साठवणीचा प्रश्न. जुने स्टुडिओवाले निगेटिव्ह लिफाफ्यात घालून, तारीख टाकून कपाटात ठेवत. दहा वर्षांनी आजोबांच्या फोटोची कॉपी हवी झाली तर मिळायची. आज हार्ड डिस्क पुढच्या सीझनसाठी रिकामी होते आणि यजमानांकडे एक पेनड्राइव्ह उरतो, तोही कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये. छापील करिझ्मा अल्बम जपला जातो, पण त्यात काय घालायचं ते दुसऱ्यांनी निवडलेलं असतं. इसार देताना पावतीवर एवढं लिहून घ्यायला हरकत नाही: मूळ फाइल किती दिवस ठेवणार, दुसरी प्रत कुठे असेल, आणि त्या दिवशी फोटोग्राफर आजारी पडला तर त्याच्या जागी कोण येणार.