हवाई सुंदरी : एक व्यवसायनाम आणि त्यामागील काम

व्यवसायाचे नाव आणि व्यवसायाचे काम ह्यांत किती अंतर पडू शकते, ह्याचे ‘हवाई सुंदरी’ हा शब्द चांगले उदाहरण होय. अरबीतून फारसीमार्गे आलेल्या ‘हवा’ शब्दापासून झालेले विशेषण आणि संस्कृत ‘सुंदरी’ असा हा संकर आहे. त्यात कामाचा निर्देश कोठेच नाही. त्यास पुल्लिंगी रूपही नाही. तेच काम करणाऱ्या पुरुषास ‘हवाई सुंदर’ म्हणावयास आपली जीभ धजत नाही. इंग्रजीतील ‘होस्टेस’ म्हणजे यजमानीण. ‘स्टुअर्ड’ व ‘पर्सर’ हे शब्द जहाजावरून विमानात आले. वस्तुतः १९३० साली अमेरिकेत एलन चर्च आणि तिच्या सात सहकारिणी ह्या कामावर प्रथम रुजू झाल्या, त्या सर्व शिक्षित परिचारिका होत्या.

हा प्रश्न केवळ कोशाचा नाही. ‘एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मिर्झा’ ह्या १९८१ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे जे सेवानियम आले, त्यांनुसार ‘एअर होस्टेस’ला वयाच्या ३५ व्या वर्षी, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत विवाह केल्यास अथवा पहिल्या गरोदरपणी निवृत्त व्हावे लागे. त्याच केबिनमध्ये काम करणारा ‘असिस्टंट फ्लाइट पर्सर’ मात्र ५८ व्या वर्षापर्यंत सेवेत राही. न्यायालयाने गरोदरपणाची अट मनमानी ठरवून रद्द केली. परंतु दोन्ही पदे भिन्न संवर्गांतील मानून विवाहाची अट टिकवली. कामे बऱ्याच अंशी सारखी, नावे वेगळी, म्हणून शर्तीही वेगळ्या, असा हा न्याय प्रस्तुत लेखकास आजही पटत नाही.

चहा-जेवण देणे हा ह्या कामाचा दिसणारा भाग. विमानात ही माणसे असलीच पाहिजेत असे नियम सांगतात, ते प्रवाशांच्या सुरक्षेसाठी. मोठ्या प्रवासी विमानाची रचना मान्य होण्यासाठी निम्मेच दरवाजे वापरून ९० सेकंदांत ते रिकामे करता येते, हे सिद्ध करावे लागते. शरीरावर पडणारा भार वेगळाच. केबिनमधील हवेचा दाब सुमारे ६,००० ते ८,००० फूट उंचीवरील डोंगरासारखा असतो, हवा अत्यंत कोरडी असते आणि झोपेच्या वेळा सतत उलटसुलट होतात. वैश्विक किरणांचा संसर्ग हा विमानकर्मचाऱ्यांच्या बाबतीत व्यावसायिक धोका मानावा, असे आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने १९९० च्या शिफारशींत म्हटले. विमान अकस्मात हेलकावते तेव्हा प्रवासी बहुधा पट्ट्याने बांधलेला असतो. ट्रॉलीमागे उभा असलेला कर्मचारी नसतो.

भाषाभ्यासकास विशेष विचार करावयास लावणारी गोष्ट अशी की, ह्या व्यवसायात एकाच व्यक्तीस वाणीच्या दोन टोकांच्या पातळ्या सांभाळाव्या लागतात. एक सौजन्याची : विनंत्या, क्षमायाचना आणि न मावळणारे हसू. आर्ली हॉकशील्ड ह्या समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९८३ च्या आपल्या ग्रंथात ह्या सौजन्यास ‘भावनिक श्रम’ म्हटले, ते अमेरिकेतील विमानकर्मचाऱ्यांच्या अभ्यासावरूनच. दुसरी पातळी संकटसमयीची. तेथे ‘कृपया’ गळून पडते. उरते ते आखूड, पुनःपुन्हा ओरडून म्हणावयाचे आज्ञार्थी क्रियापद. क्षणापूर्वी अदबीने बोलणाऱ्या तोंडून निघालेली आज्ञा प्रवाशाने तत्काळ मानली पाहिजे. आणि ‘सुंदरी’ ह्या नावाने ती मानण्याची सवय लावलेली नसते.

याहून कठीण बोलणे बंद दारापलीकडच्या वैमानिकाशी होते. १० मार्च १९८९ रोजी कॅनडातील ड्रायडन येथे एका फोकर विमानाच्या पंखांवर उड्डाणापूर्वी बर्फ साचलेला केबिन कर्मचारिणीने पाहिला होता. तिने तो वैमानिकांस सांगितला नाही. तांत्रिक बाबतीत केबिनमधून आलेली सूचना वैमानिकांस रुचत नाही, अशी तिची समजूत झालेली होती. विमान धावपट्टीपलीकडच्या झाडीत कोसळून २४ जण दगावले. त्याच वर्षीच्या ८ जानेवारीस इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ पडलेल्या विमानाची गोष्टही अशीच आहे. उजव्या इंजिनात बिघाड झाल्याचे वैमानिकाने जाहीर केले. मागे बसलेल्या कित्येकांनी आग डावीकडे पाहिली होती व ते बुचकळ्यातही पडले. पण ही विसंगती वैमानिकापर्यंत पोचली नाही. त्या अपघातात ४७ माणसे गेली. दोन्ही ठिकाणी माहिती विमानातच होती. ती सांगण्याचा अधिकार आपला आहे, असे माहितगारास वाटत नव्हते.

ह्याउलट ५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून निघालेले पॅन ॲमचे विमान कराचीत अपहरणकर्त्यांच्या हाती पडले, तेव्हा केबिनमधून वेळीच इशारा मिळाल्यामुळे वैमानिक बाहेर निसटू शकले आणि विमान जमिनीवरच राहिले. प्रवाशांना वाचविताना प्राण गमावलेल्या नीरजा भनोत ह्यांस मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. त्यांचे वय २३ सुद्धा पूर्ण झाले नव्हते.

ड्रायडनच्या चौकशीनंतर वैमानिक व केबिन कर्मचारी ह्यांना एकत्र शिक्षण देण्याच्या पद्धतीस जोर आला. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जळत्या विमानातील ध्वनिक्षेपण यंत्रणा बंद पडली होती. आठांपैकी तीनच दरवाजे वापरण्याजोगे होते. ते कोणते, हे कर्मचाऱ्यांनी बाहेरची आग पाहून ठरविले. मग कर्णा आणि स्वतःचा आवाज एवढ्या साधनांवर त्यांनी विमान रिकामे केले. आतील ३७९ च्या ३७९ माणसे जिवंत बाहेर आली.