खिशातला चाकू आणि चारचौघांची नजर

रोजच्या कामासाठी जवळ ठेवलेला चाकू चारचौघांत बाहेर निघाला की पाहणारा दचकतो किंवा ढुंकूनही पाहत नाही. पात्याची लांबी त्यात फार थोडे ठरवते. पाते कोणत्या कामाला निघाले, कुठे निघाले आणि कोणाच्या हातात आहे, यावर बाकी सगळे ठरते. धाराशिव जिल्ह्यात हे स्वच्छ दिसते, कारण इथल्या आठही तालुक्यांत शेती, जनावरे आणि देवकार्य यांच्या निमित्ताने धारदार वस्तू माणसांसोबत रोज वावरतात.

शेतकऱ्याच्या खिशातल्या किंवा पिशवीतल्या चाकूला दिवसभर काम असते. खताच्या पोत्याची शिवण उसवायची, ठिबकची नळी कापायची, सुतळी तोडायची, दाव्याची गाठ आवळून बसली तर ती कापून जनावर मोकळे करायचे. सोयाबीन काढणीच्या दिवसांत बायका विळे फडक्यात गुंडाळून टमटममधून ये-जा करतात. आठवडी बाजारात रस्त्याकडेला घिसाड्याचे कुटुंब भाता लावून बसलेले असते. नवरा सांडशीत लाल झालेले लोखंड धरतो, बायको घण मारते आणि गिऱ्हाईक तयार झालेल्या विळ्याची धार अंगठ्याने आडवी चाचपून पाहते. या सगळ्यात पाते उघडे असते, भोवती गर्दी असते आणि कोणाच्या मनात भीतीचा विचारही येत नाही.

याचा सर्वांत ठळक नमुना म्हणजे अडकित्ता. जुन्या पिढीतल्या बायामाणसांच्या कमरेला किंवा हाताशी चंची असते. कप्प्याकप्प्यांच्या त्या कापडी पिशवीत पाने, कात, चुन्याची डबी, तंबाखू आणि सुपारी यांच्यासोबत अडकित्ता असतो. खिळ्यावर फिरणाऱ्या दोन दांड्या, त्यातल्या एकीला चांगली धार. धावत्या एसटीत म्हातारी चंची उघडते, सुपारी दांड्यांत धरते, मूठ आवळते आणि कट् असा आवाज होतो. शेजारचा अनोळखी प्रवासी दचकत नाही, उलट तळहात पुढे करून म्हणतो, "मावशी, एक खांड द्या की." बसस्थानकावर काकडीला चार चिरा देऊन तिखट-मीठ भरणाऱ्याची सुरी आणि शहाळे तासणाऱ्याचा कोयता यांच्याकडेही लोक तहानभुकेच्याच नजरेने पाहतात.

धार्मिक आणि कौटुंबिक रीतींनी या ओळखीला आणखी घट्ट केले आहे. हळद लागल्यापासून नवरदेवाच्या हातात कट्यार येते, तिच्या टोकाला लिंबू खोचलेले असते. ती हातात घेऊनच तो गाडीत बसतो, देवदर्शनाला जातो, आणि अनोळखी माणसेही त्याच्याकडे कौतुकाने पाहतात. बाळंतिणीच्या उशाशी विळा किंवा चाकू ठेवण्याची प्रथा अनेक घरांत होती. आश्विन शुद्ध नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, हत्यारे-अवजारे धुऊन झेंडूची फुले वाहतात. त्या पूजेत विळा, खुरपे, कोयता सगळे एका पाटावर येतात. तुळजापूरला शारदीय नवरात्रात भवानीच्या ज्या अलंकार महापूजा मांडतात, त्यांतली एक भवानी तलवार अलंकाराची असते. ज्या मुलखात देवीच शस्त्र देते अशी श्रद्धा आहे, तिथे पात्याचे नुसते दर्शन अशुभ वाटत नाही.

नजर बदलते ती खटक्याच्या चाकूपाशी. बटण दाबताच पाते उसळून बाहेर येणारा हा चाकू उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या नावाने देशभर ओळखला जातो. हिंदी चित्रपटांनी काही दशके तो गुंडांच्या हाती दिला, आणि त्यामुळे त्याचा आवाजच धमकीसारखा ऐकू येऊ लागला. पेरू कापायला काढला तरी शेजारचा माणूस जरा सरकून बसतो. त्याउलट कात्री, बूच काढायचे हत्यार आणि पेचकस एकत्र असलेला लाल मुठीचा स्विस चाकू पाहिला तर लोक तो हातात घेऊन उघडून पाहतात. दोन्हींची पाती तेवढीच कापतात. एकाचा घाट हाणामारीची आठवण देतो, दुसऱ्याचा हत्यारपेटीची.

चाकू काढण्याची पद्धतही बोलते. आधी फळ बाहेर काढून, दोन्ही हातांनी सावकाश पाते उघडले तर हेतू आपोआप कळतो. हात खिशात जाऊन एकदम पाते बाहेर आले तर पाहणाऱ्याला कारण शोधावे लागते, आणि तेवढ्या क्षणात भीती शिरते. उघड्या चाकूने बोट दाखवत बोलणे किंवा चाळा म्हणून पाते उघडझाप करणे यानेही माणसे अस्वस्थ होतात. काम संपले की पाते पुसून लगेच मिटणारा माणूस मात्र सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही.

मानसशास्त्रातल्या एका प्रयोगाचा निष्कर्ष इथे उपयोगी पडतो. साक्षीदाराची नजर हत्याराला खिळते आणि माणसाचा चेहरा त्याला नीट आठवत नाही, हे 1980 च्या दशकात अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले होते. 1998 मध्ये केरी पिकेल यांनी पुढचा प्रश्न घेतला: नजर खिळते ती धोक्यामुळे की विसंगतीमुळे? त्यांनी केशकर्तनालयातल्या प्रसंगाच्या चित्रफिती दाखवल्या. त्यांत येणाऱ्या माणसाच्या हातात कधी कात्री होती, तर कधी चक्क कच्ची कोंबडी. कात्री धोक्याची असूनही त्या जागी शोभणारी होती, म्हणून तिने लक्ष फारसे खेचले नाही. जागेशी न जुळणाऱ्या वस्तूंनी ते खेचले. उसाच्या फडात दिसलेला कोयता आणि मॉलमध्ये दिसलेला कोयता यांतला फरक हाच आहे.

कोयत्याचे उदाहरण तर डोळ्यांसमोरचे आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, धाराशिव आणि आसपासच्या भागांतून ऊसतोड मजूर ट्रॅक्टर-ट्रकांतून पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात आणि उचलही त्यावरच ठरते. हे अवजार त्यांच्या पोटाचे साधन आहे. पुण्यात मात्र टोळक्यांनी कोयते नाचवत दहशत माजवली, वर्तमानपत्रांत 'कोयता गँग' हे शब्द रोज छापून येऊ लागले, आणि 2023 मध्ये कोयता विकताना गिऱ्हाइकाची ओळख नोंदवून घ्यावी अशा सूचना पोलिसांनी दुकानदारांना दिल्या. त्यानंतर शहरात पिशवीतून डोकावणारी कोयत्याची मूठ पाहून लोक थबकतात. मजुराने काही केलेले नसते, तरी ती नजर त्याच्या वाट्याला येते.

सर्वांत कठोर नजर मात्र वस्तूपेक्षा माणसावर पडते. ब्रिटिशांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे पारध्यांसह अनेक जमातींवर जन्माने गुन्हेगार असल्याचा शिक्का बसला. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, शिक्का पुसला गेला नाही. धाराशिव जिल्ह्यात गावांच्या कडेला पारधी पेढ्या, म्हणजे पारध्यांच्या वस्त्या, आहेत. शिकार आणि फासे हा ज्यांचा परंपरागत व्यवसाय, त्यांच्याजवळ चाकू असणार हे उघड आहे. पण बागायतदाराच्या खिशातला चाकू 'कामाचा' ठरतो आणि पारधी तरुणाच्या खिशातला 'संशयाचा'. पाते तेच, बाजार तोच, आणि तरी एकाला वाट मिळते तर दुसऱ्याला चौकशी. हा सरळ अन्याय आहे, आणि भीती वाटली एवढ्याने तो योग्य ठरत नाही.

कायदा तरी याबाबत काय म्हणतो? शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 2 मधील व्याख्येत धारदार व प्राणघातक हत्यारे येतात, पण केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू तिथेच वगळल्या आहेत. शस्त्र नियम 2016 च्या पहिल्या अनुसूचीत तलवारी, खंजीर, भाले यांच्यासोबत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू आहेत, तेही घरगुती, शेती, शास्त्रीय आणि औद्योगिक कामांसाठीचे सोडून. म्हणजे लांबी मोजायची असली तरी कायदाही आधी हेतू विचारतो. शिखांना कृपाण धारण करण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद 25 च्या स्पष्टीकरणात दिला आहे.

सामान्य माणसाची गाठ पडते ती दुसऱ्याच कायद्याशी. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 37 नुसार सण, निवडणुका, आंदोलने अशा काळात जिल्हा प्रशासन मनाई आदेश काढते. त्या कलमात तलवारी, भाले, बंदुकांसोबत चाकू, काठ्या आणि लाठ्याही नावाने आहेत, आणि आदेश मोडल्यास कलम 135 खाली कैद होऊ शकते. त्यामुळे एरवी कोणी विचारत नाही तो चाकू नेमक्या त्या दिवसांत अडचणीत आणू शकतो. वर्तमानपत्रांत या आदेशांची बातमी येते. जत्रेला किंवा मिरवणुकीला निघण्याआधी ती पाहिलेली बरी.

परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांना तर इंच-सेंटिमीटर पाठ करावे लागतात. ब्रिटनमध्ये 1988 च्या कायद्यानुसार मिटणारा, पाते अडकून न बसणारा आणि 3 इंचांपर्यंत धारेचा खिशातला चाकू कारण न देता बाळगता येतो. त्याहून मोठ्याला सबळ कारण लागते. जपानमध्ये 6 सेंटिमीटरपेक्षा लांब पात्याचा चाकू योग्य कारणाशिवाय जवळ बाळगणे गुन्हा आहे. गावाकडून आठवण म्हणून नेलेला चाकू तिथे स्वयंपाकघरातच ठेवावा लागतो.

आपल्याकडे रोज चाकू बाळगणाऱ्यांनी पाळायचे नियम थोडे आहेत. खटक्याचा चाकू टाळावा, साध्या घडीचा घ्यावा. पाते कामापुरतेच उघडावे, दुसऱ्याला देताना मूठ त्याच्याकडे करावी. विळा-कोयता प्रवासात फडक्यात बांधून न्यावा. न्यायालयाच्या आवारात जाताना चाकू घरी ठेवावा, आणि विमानाने जाताना तो हातातल्या पिशवीत न ठेवता चेक-इनच्या सामानात टाकावा, नाहीतर तपासणीच्या टेबलावरच तो काढून घेतला जातो.