पीएच उतरला? आधी खिडकी उघडा

माशांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचा पीएच ७.८ वर आला की बरेच जण दुकानातून पीएच वाढवणारी पावडर आणतात. दोन चमचे टाकले की आकडा चढतो आणि दुसऱ्या दिवशी जिथल्या तिथे येतो. मग आणखी दोन चमचे. आठवडाभर असं चाललं की पीएच तसाच राहतो आणि अल्कलिनिटी मात्र नको तितकी वर जाऊन बसते. दोष पावडरीचा नाही. ती जे दुरुस्त करते, ते बहुतेक वेळा बिघडलेलंच नसतं.

सुरुवात मोजण्यापासून करावी. प्रोब असेल तर ७ आणि १० पीएचच्या प्रमाण द्रावणांत तो जुळवून घ्या. किट असेल तर बाटलीवरची मुदत बघा. पीएच किती वाजता मोजला हेही लिहून ठेवा. दिवे चालू असताना टाकीतलं शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, रात्री सगळे जीव तो सोडत राहतात. त्यामुळे सकाळी दिवे लागण्यापूर्वी पीएच सर्वांत खाली आणि संध्याकाळी दिवे मालवण्यापूर्वी सर्वांत वर असतो. पहाटे ७.९ आणि संध्याकाळी ८.२ भरत असेल तर टाकीला काहीही झालेलं नाही.

त्यानंतर अल्कलिनिटी मोजा. पाण्याची आम्ल पचवण्याची ही ताकद समुद्रात ७ डीकेएचच्या (हे तिचं एकक) आसपास असते आणि टाकीत ७ ते ११ पर्यंत चालते. ती ७ च्या खाली असेल तर आधी ती भरून काढायची, तीही दिवसाला एखाद्या डीकेएचच्या बेताने. इथे एक गंमत आहे: खाण्याचा सोडा अल्कलिनिटी वाढवतो, पण टाकल्याटाकल्या पीएच किंचित खालीच नेतो. शुद्ध सोडियम कार्बोनेट दोन्ही वाढवतं. (कपडे धुण्याच्या सोड्याची पिशवी मात्र टाकीपासून लांब ठेवा. त्यात आणखी काय मिसळलंय, कोण जाणे.)

अल्कलिनिटी ठीक असूनही पीएच खाली असेल, तर पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त झालेला असतो. तो विरघळला की कार्बोनिक आम्ल तयार होतं. अल्कलिनिटी तीच ठेवून हा वायू दुप्पट केला, तर पीएच साधारण ०.३ ने उतरतो. बाहेरच्या हवेत तो दहा लाखांत सुमारे ४२० भाग असतो. दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत दोन-तीन माणसं झोपली की हजाराच्या वर सहज जातो. म्हणजे ८.२ चे ७.९ व्हायला टाकीत काही घडावंच लागत नाही. त्यातून स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवून गार करतो, बाहेरची आत आणत नाही; खोली गार असली तरी हवा शिळीच असते. उन्हाळ्यात एसीसाठी बंद केलेला मुंबईतला फ्लॅट आणि थंडीत हीटर लावून बंद केलेलं टोरांटोतलं घर, दोन्हीकडच्या टाकीची तक्रार एकच.

हे ताडून बघायला एअर पंप, एअर स्टोन आणि दोन ग्लास पुरतात. दोन्ही ग्लासांत टाकीचं पाणी घेऊन पीएच मोजा. एका ग्लासात टाकीच्याच खोलीत तासभर हवा सोडा, दुसऱ्यात तासभर बाल्कनीत. मग पुन्हा मोजा. बाल्कनीतला चढला आणि खोलीतला हललाच नाही, तर दोष खोलीच्या हवेचा. दोन्ही चढले, तर खोलीची हवा बरी आहे, टाकीलाच ती पुरेशी मिळत नाही: पृष्ठभागावर तवंग असेल, पंपाचा झोत खाली वळला असेल किंवा स्किमरची (बुडबुड्यांनी पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी मिठाने बुजली असेल. दोन्ही तिथेच राहिले, तर अल्कलिनिटीचं किट नवीन आणून पुन्हा बघा.

खोलीची हवा दोषी ठरली तर खिडकी उघडणं हा पहिला आणि फुकटचा उपाय. ते जमत नसेल तर स्किमर हवा ओढतो ती नळी लांबवून तिचं तोंड खिडकीबाहेर काढा, पण जिथे डासांचा धूर किंवा औषधाची फवारणी होते तिथे नको. नळी बारीक आणि फार लांब झाली की स्किमर हवा कमी ओढतो, म्हणून जाड घ्यावी. तेही शक्य नसेल तर त्या नळीवर सोडा लाइमचा डबा बसवतात. भूल देण्याच्या यंत्रात कार्बन डायऑक्साइड शोषायला वापरतात तेच हे दाणे. रंग बदलणारे घ्यावेत, म्हणजे संपलेले कळतात. खर्च मात्र सतत चालू राहतो.

मला सर्वांत पटणारा उपाय म्हणजे चुन्याची निवळी. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड गोड्या आरओ पाण्यात ढवळून, गाळ बसू देऊन वरचं नितळ पाणी घ्यायचं आणि बाष्पीभवनाने कमी झालेल्या पाण्याच्या जागी रात्री थेंबथेंब सोडायचं. ती कार्बन डायऑक्साइड खाते आणि कॅल्शियम व अल्कलिनिटी दोन्ही देते. पानटपरीवरचा चुना यासाठी नको. निवळीचा पीएच १२ च्या वर असतो, त्यामुळे हातमोजे घाला आणि ती एकदम ओतू नका; टाकीत पांढरा साका उतरेल आणि मासे तडफडतील. सम्पमध्ये (टाकीला जोडलेल्या दुसऱ्या टाकीत) शेवाळ वाढवून त्यावर रात्रीचा दिवा लावला तरी पहाटेची घसरण कमी होते.

टाकीत नुसते मासे असतील आणि पीएच रोज ७.८ ते ८.० मध्येच फिरत असेल, तर यातलं काही न करताही चालतं. प्रवाळ असतील तर ७.७ च्या खाली जाऊ देऊ नका, कारण त्यांना सांगाडा बांधणं त्याच्या आसपास जड जायला लागतं.