लाइट आल्यावर आपोआप

कळंब तालुक्यात रात्री थ्री फेज येते तेव्हा विहिरीवर कोणी नसतं, तरी मोटार सुरू होते. स्टार्टरच्या पेटीत ‘ऑटो’ बसवलेला असतो. महावितरणला तो आवडत नाही. लाइट आली की एका डीपीवरच्या, म्हणजे रोहित्रावरच्या, सगळ्या मोटारी एकदम उठतात, उठताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतात आणि डीपी जळते. म्हणून ‘ऑटो काढा, कपॅसिटर बसवा’ हे आवाहन पुन्हा पुन्हा येतं. शेतकरी मान डोलावतो आणि ऑटो ठेवतो. रात्री दोनला विंचूकाट्यातून बटण दाबायला कोण जाणार?

मला ऑटोचा खरा अर्थ कळला तो मात्र मोटारीपायी नव्हे, मॉस्किटोपायी. हा मच्छर म्हणजे एक मेसेज ब्रोकर. मामांच्या सोयाबीनच्या रानात मातीची ओल मोजणारे पाच सेन्सर लावले होते आणि शेतातल्या घरात रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक ठेवला होता. ब्रोकर त्याच्यावर चालायचा.

ब्रोकर म्हणजे अडत्याच. सेन्सर आपला माल आणतो आणि ‘विहिरीजवळची ओल’ अशा नावाच्या ढिगावर टाकतो. त्या ढिगाचा गिऱ्हाईक कोण, तो आज आलाय की उद्या येणार, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. देणारा-घेणारा एकमेकांचं तोंडही पाहत नाहीत. फरक इतकाच की हा अडत्या आडत कापत नाही. थोडी मेमरी तेवढी खातो.

त्याची बोली एमक्यूटीटी. 1999 साली अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी ती तेलाच्या पाइपलाइनवर नजर ठेवण्यासाठी रचली. निरोप उपग्रहावरून जायचे, एकेक बाइट महाग, म्हणून निरोपाचं पाकीट किमान दोन बाइटांचं ठेवलं. कंजुषीतून जन्मलेली ही बोली रेंजच्या एका काडीवर जगणाऱ्या शिवाराला बरोब्बर मानवते.

निरोप वाटण्याच्या या धंद्यात मराठी मुलुखातली माणसंही आहेत, हे आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे यांनी 1980च्या दशकात वॉल स्ट्रीटवरच्या भावांचे आकडे संगणकांत वाटणारी ‘इन्फर्मेशन बस’ उभी केली. पुढे टिबको ही कंपनी काढली. पुण्यात शिकलेल्या नेहा नारखेडे यांनी लिंक्डइनमध्ये जे क्रेप्स आणि जुन राव यांच्यासोबत काफ्का हा ब्रोकर घडवला. 2011मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. नाव फ्रान्झ काफ्कावरूनच. पण काफ्का मोठ्या बाजार समितीचा अडत्या. पाच सेन्सरांना मच्छर पुरतो.

नवीन आवृत्तीच्या हव्यासापोटी मी तयार पॅकेज न घेता मूळ कोडपासून मॉस्किटो बांधला. तो पडद्यामागे चालावा म्हणून सिस्टिमडीसाठी, म्हणजे लिनक्सवर सेवा उठवणाऱ्या मुकादमासाठी, छोटी फाइल लिहिली: कोणता प्रोग्राम, कोणत्या वापरकर्त्याच्या नावाने, कशानंतर उठवायचा. ‘स्टार्ट’ म्हटलं, आकडे आले, मी पुण्याला परतलो. तिसऱ्या दिवशी आकडे थांबले. आठवड्याने गेलो तर पाय सुरू, दिवा लुकलुकतोय, ब्रोकर मात्र गाढ झोपेत. मधे लाइट गेली होती, आलीही होती.

“तुझ्या डब्याला ऑटो न्हाई का रं?” मामांनी विचारलं.

ऑटो होता, मी तो जोडलाच नव्हता. ‘स्टार्ट’ म्हणजे आत्ता हाताने बटण दाबणं. ‘एनेबल’ म्हणजे मशीन उठलं की तूही ऊठ. दोन वेगळे हुकूम, आणि पहिल्यानेच काम झाल्यासारखं वाटतं. पॅकेज घेतलं असतं तर दुसराही आपसूक झाला असता. हौसेला मोल असतं, ते आठवडाभराच्या ओलीच्या आकड्यांनी फेडलं.

एनेबल केलं, वर ‘पडलास तर पुन्हा ऊठ’ ही ओळ घातली. मग सेटिंगमध्ये माझी एक चूक राहिली आणि ब्रोकर उठला की लगेच पडू लागला. सिस्टिमडी पडलेल्या सेवेला मुळात एक दशांश सेकंदात पुन्हा उठवतो. दहा सेकंदांत पाच प्रयत्न फसले की नाद सोडतो. पाचही प्रयत्न डोळा मिटायच्या आत उडाले. डीपीवरच्या मोटारींसारखीच ही घाई. प्रत्येक प्रयत्नाआधी दहा सेकंद दम धर, असं लिहिलं. आता तो मर्यादेला लागतच नाही, चिवटपणे उठत राहतो.

एवढं होऊनही एक भोक उरलं होतं. रेंज नसताना माझ्यासाठी साठलेले निरोप मॉस्किटो आधी मेमरीत ठेवतो. डिस्कवर उतरवायला सांगितलं तर उतरवतो, पण मुळात दर 1800 सेकंदांनी. रीतसर थांबवलं तर जाताना हिशेब लिहून जातो. लाइट मात्र सांगून जात नाही, आणि तिच्याबरोबर शेवटच्या अर्ध्या तासापर्यंतचे निरोप जातात. वीज गेली की बऱ्याचदा टॉवरही जातो, म्हणजे निरोप साठतात तेही नेमके त्याच वेळी.

मी 1800चे 300 केले. मेमरी कार्ड थोडं जास्त झिजेल. मामांना हा हिशेब सांगितला तर त्यांनी कोपऱ्यातली जुनी ट्रॅक्टरची बॅटरी दाखवली. ती जोडायची अजून राहिली आहे; बारा व्होल्टचे पाच करणारा तुकडा कळंबच्या दुकानात मिळाला नाही.