शंभराचा पाढा

आम्ही लंडनला उतरलो तो डिसेंबर २०२२चा दुसरा शनिवार. मुलगा, सून, चार वर्षांची नात आणि आम्ही दोघे. दुपारी चारच्या आतच सूर्य मावळला, तेव्हा नात गोंधळून म्हणाली, "आजोबा, आता झोपायचं?"

माझी उभी हयात बँकेत गेलेली. पौंड तेव्हा शंभर रुपयांच्या थोडा वर. त्यामुळे गुणाकार फार सोपा, आणि तीच पंचाईत! कॉफी दिसली की तीनशे, बिस्किटे दिसली की दोनशे. रविवारी हिने एका दुकानात लोकरी हातमोजे घालून पाहिले. बारा पौंड. "बाराशे? तुळशीबागेत दीडशेला मिळतात," मी म्हणालो. हिने ते मुकाट्याने परत ठेवले.

त्याच रात्री बर्फ पडला. सकाळी मुलाने ट्रॅफल्गार चौकात नेले. दुसऱ्या महायुद्धातल्या मदतीची आठवण म्हणून ऑस्लो शहर १९४७पासून दरवर्षी तिथे नाताळचे झाड पाठवते. मी नातीला ही कथा रंगवून सांगत होतो. ही मागेच राहिली होती. फोटो काढायचा होता, पण मोबाईलवर बोटच हलेना. "अहो, जरा तुम्ही काढा." लालभडक झालेली बोटे ती शालीत लपवत होती. माझे हात मुलाने दिलेल्या हातमोज्यांत, वर कोटाच्या खिशात. ते काढून द्यावेत, हेही मला सुचले नव्हते.

परतताना त्याच दुकानात शिरलो. तिला आवडलेला मरून जोड गेला होता. काळा होता, चौदा पौंडांचा. घातल्यावर तिने विचारले, "रुपयांत किती?"

मी नातीची टोपी सारखी करत राहिलो.