हिंवाळ्यांत काशीस जातांना

मार्गशीर्ष सरूं लागला म्हणजे पुष्कळ कुटुंबांत चार-आठ दिवस कोठें तरी जाऊन येण्याच्या गोष्टी निघूं लागतात. मुलांना नाताळची सुट्टी असते, नोकरदार मंडळींना उरलीसुरली रजा वर्षअखेरीच्या आंत संपवावयाची असते, आणि घरांतील वृद्धांच्या मनांत काशी बरेच दिवस घोळत असते. अशा वेळीं सर्वांच्या सोयीचें ठिकाण म्हणून काशीचेंच नांव निघतें व तिकिटें काढलीं जातात. मग राहतां राहिला प्रश्न कपड्यांचा. तो आपण सहसा निघण्याच्या आदल्या रात्रीं, जेवणें आटोपल्यावर, घाईघाईनें सोडवितों. ही घाई किती महागांत पडते तें आम्हांस एकदां कळून चुकलें आहे. तो अनुभव, आणि त्यानंतर केलेला थोडा विचार, वाचकांपुढें ठेवावा एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

काशी आपणांस परकी नाहीं, हेंच ह्या घाईचें एक कारण असावें. शिवछत्रपतींच्या १६७४ च्या राज्याभिषेकास गागाभट्ट आले ते काशीहून, आणि त्यांचें मूळ घराणें पैठणचें. विश्वेश्वराचें आजचें मंदिर उभारलें तें अहिल्याबाई होळकरांनीं, १७८० सालीं. शिंद्यांचा घाट आहे, भोसल्यांचा घाट आहे. गल्लींत मराठी बोलणारें घर अजूनहि भेटतें. त्यामुळें शिमल्यास जावयाचें म्हटलें तर जो मनुष्य महिनाभर आधीं लोंकरीचे कपडे उन्हांत घालूं लागतो, तोच काशीस मात्र आजोळीं निघाल्याप्रमाणें निघतो.

दुसरें कारण आंकडे. जानेवारींत काशीचें पहाटेचें तापमान सरासरीनें ९ ते १० अंश असतें. पुण्यास तें ११ ते १२ अंश असतें, आणि मधून मधून १० च्याहि खालीं उतरतें. हे आंकडे वर्तमानपत्रांत पाहून आमच्यासारखा मनुष्य म्हणतो, "एवढीच ना? मग आपल्या पर्वतीवर पहाटे काय थोडी थंडी असते?" परंतु येथेंच फसगत होते. पुण्यास दुपारीं पारा ३० अंशांच्या आसपास जातो आणि रात्रभर गारठलेल्या भिंती, फरशी, अंथरूण-पांघरूण हीं सर्व पुन्हां ऊब धरतात. काशीस पौषांत धुकें पडलें म्हणजे कधीं कधीं दिवसच्या दिवस सूर्यदर्शन होत नाहीं. भर दुपारीं देखील पारा १५ अंशांच्या आसपास घुटमळत राहतो. हवा दमट असते. धुतलेलें पातळ दोन-दोन दिवस वाळत नाहीं. घाटाच्या पायऱ्या आणि गल्ल्यांतील फरसबंदी गार ती गारच राहते, आणि उतरण्याच्या जागीं खोली गरम करण्याची सोय पुष्कळदां नसते. थोडक्यांत सांगावयाचें तर पुण्याची थंडी पहाटे येऊन नऊ वाजतां उठून जाणाऱ्या पाहुण्यासारखी. काशीची बिऱ्हाड थाटून राहणाऱ्या भाडेकरूसारखी. म्हणून तेथें जातांना किमान तापमान न पाहतां दुपारचें कमाल तापमान व धुक्याचा अंदाज पाहावा, हें आमचें पहिलें सांगणें.

आतां अनुभव सांगतों. सन २०१७ च्या डिसेंबरअखेर आम्ही सात माणसें काशीस गेलों: आम्ही, आमचें कुटुंब, आमच्या थोरल्या वहिनी, मुलगा, सूनबाई आणि दोन नातवंडें. थोरले बंधु आदल्या वर्षीं निवर्तले होते. वहिनींचें वय त्या वेळीं एकाहत्तर. त्यांना गंगास्नान घडवावें हाच त्या प्रवासाचा मुख्य हेतु होता.

आमच्या घरीं कोठेंहि जावयाचें झालें तरी सामान बांधण्याचें काम चाळीस वर्षें वहिनींकडेच आहे. त्या वेळींहि त्यांनीं वहीच्या एका पानावर एकेकाचें नांव घालून त्याखालीं कपडे लिहून काढले. नातवास दोन स्वेटर, कानटोपी, चार जोड पायमोजे, नातीस तसेंच, आम्हांस बंडी, मफलर, शाल. यादी आमच्या हातीं देऊन म्हणाल्या, "भावजी, एकदां नजरेखालून घाला. कांहीं राहिलें असेल तर सांगा." आम्हीं चष्मा लावून यादी वाचली, दोन ठिकाणीं ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, आणि "उत्तम" असा शेरा मारून ती परत केली.

तिसऱ्या दिवशीं पहाटे आम्ही दशाश्वमेध घाटावर गेलों. धुकें इतकें दाट कीं पलीकडचा तीर तर राहोच, दहा पायऱ्यांखालची नावहि दिसेना. वहिनींनीं स्नान केलें, कोरडें पातळ नेसून त्यावर स्वेटर घातला व शाल पांघरली. इतक्यांत धाकटा नातू ओल्या पायरीवरून घसरून कमरेपर्यंत पाण्यांत गेला. सर्वांत जवळ वहिनी होत्या. त्यांनीं त्याला वर ओढलें, त्यांत त्यांच्या निऱ्या पुन्हां भिजल्या. आणि अंगावरची शाल काढून त्यांनीं ती त्याच्याभोंवतीं गुंडाळली. पुढें दर्शनाच्या रांगेंत, ओल्या निऱ्यांनीं, अनवाणी, अंगांत एक जुना बिनबाह्यांचा स्वेटर, अशा त्या दीड तास उभ्या होत्या. आम्हीं विचारलें तेव्हां म्हणाल्या, "मला मेली थंडी वाजतच नाहीं." आम्हांस तें खरें वाटलें.

दुपारीं बिऱ्हाडीं आल्यावर त्या जेवल्या नाहींत; जरा पडतें म्हणून आडव्या झाल्या. चार वाजतां सूनबाई चहा घेऊन गेली. तिनें हांक मारली तेव्हां उत्तर आलें तें जड जिभेनें, आणि भलतेंच. "हे आले का कचेरींतून?" असें त्यांनीं विचारलें. सूनबाईनें हात धरून पाहिला तो दगडासारखा गार. परंतु अंगास कांपरें मुळींच नव्हतें. कांपरें नाहीं हें पाहून आम्हांस बरें वाटलें. सूनबाईस भय वाटलें. तिचेंच बरोबर होतें.

डॉक्टर आले त्यांनीं समजावून सांगितलें तें सर्वांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. निरोगी माणसाच्या शरीराचें तापमान ३७ अंशांच्या आसपास असतें. तें ३५ च्या खालीं गेलें कीं धोका सुरू होतो. कांपरें भरणें ही शरीरानें ऊब निर्माण करण्यासाठीं चालविलेली धडपड आहे. थंडींत गारठलेल्या माणसाचें कांपरें ऊब न मिळतां थांबलें, तर ती बरें वाटल्याची खूण नसून शरीर थकल्याची खूण असते. वृद्धांस थंडी जाणवतेहि कमी व कांपरेंहि कमी भरतें. जीभ जड होणें, गुंगी येणें, असंबद्ध बोलणें हीं त्याचीं लक्षणें. अशा वेळीं ओले कपडे काढून कोरडे घालावे, डोकें झांकावें, रोगी शुद्धीवर असून त्यास गिळतां येत असेल तर ऊन गोड पेय थोडें थोडें पाजावें, हातपाय चोळूं नयेत, आणि विनाविलंब डॉक्टरांस गांठावें.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून वहिनींना घालण्यास गरम कपडे काढावे म्हणून सूनबाईनें बॅगा उपसल्या. सहा जणांचे कपडे निघाले. वहिनींचें म्हणावें असें कांहींच निघेना. ती शाल सुकत पडली होती, आणि तो बिनबाह्यांचा स्वेटर आमच्या थोरल्या बंधूंचा होता. तेव्हां आम्हांस यादीची आठवण झाली. ती आमच्याच पाकिटांत होती, उघडून पाहिली. यादींत सहा नांवें होतीं. आम्ही माणसें सात होतों.

छत्तीस वर्षें आम्हीं वर्गांत हजेरी घेतली. पन्नास मुलांत एक नसला तर पट न उघडतां आम्हांस कळत असे. आणि घरच्या सात माणसांच्या यादींतून एक नांव गळलें होतें, तें आम्हांस दिसलें नाहीं. ऱ्हस्व-दीर्घ तेवढे दिसले.

वहिनी तीन दिवसांनीं हिंडूं-फिरूं लागल्या. खोकला मात्र होळीपर्यंत राहिला. त्यांना आम्हीं यादीविषयीं विचारलें, तर त्यांनाहि नवल वाटलें. मुद्दाम वगळलें असें नाहीं. लिहिण्याचें सुचलेंच नाहीं. पुष्कळ घरांत असेंच असतें. सर्वांचें करणारी व्यक्ति बोटांवर माणसें मोजते तेव्हां मोजणारें बोट मोजावयाचें राहतें. ह्यास आपण त्याग म्हणतों व कौतुकानें दुसऱ्यांस सांगतों. परंतु तिनें आपलें नांव लिहिलें नाहीं हा तिचा स्वभाव झाला; आपण तें पाहिलें नाहीं ह्यास कौतुकाचें नांव देतां यावयाचें नाहीं.

आतां कपड्यांविषयीं जें आम्ही त्यानंतर शिकलों तें सांगतों. पाणिनीच्या व्याकरणांत कंबल्य शब्दासाठीं स्वतंत्र सूत्र आहे. टीकाकार त्याचा अर्थ शंभर पलें लोंकर असा देतात. पल चार तोळ्यांचें धरिलें तर हें वजन साडेचार किलोंहून अधिक होतें. प्राचीनांची ऊब अशी वजनावर मोजलेली होती. आज तशी मोजण्याचें कारण नाहीं. खरी ऊब कपड्यांत कोंडलेल्या स्थिर हवेची असते, कारण हवा उष्णतेची वाहक म्हणून फार मंद आहे. एका जाड कोटापेक्षां तीन हलके थर अधिक उपयोगी. अगदीं आंत अंगाबरोबर बसणारा, घाम शोषून चटकन् सुकणारा गरम गंजीफ्राक. त्यावर लोंकरीचा स्वेटर. आणि वर वारा अडविणारें जाकीट. ऊन पडलें तर एक थर काढतां येतो, गंगेवर वारा सुटला तर घालतां येतो.

दुसरी गोष्ट कोरडेपणाची. स्थिर हवेच्या मानानें पाणी २० पटींहून अधिक वेगानें उष्णता वाहून नेतें. म्हणून ओलें सुती वस्त्र अंगावर असणें हें कांहीं नसण्यापेक्षांहि वाईट ठरूं शकतें. लोंकरीचा गुण असा कीं ती आपल्या वजनाच्या सुमारें तीस टक्के बाष्प पोटांत घेऊनहि हातास ओली लागत नाहीं. स्नानास जातांना प्रत्येकाचा कोरडा संच वेगळ्या पिशवींत बांधून न्यावा, आणि एक जादा संच असा असावा कीं तो कोणाच्याच नांवाचा नाहीं. मूल पाण्यांत पडलें तर त्यासाठीं दुसऱ्याच्या अंगावरची शाल काढण्याची पाळी येऊं नये.

तिसरी गोष्ट स्त्रियांच्या वस्त्रांची. नऊवारी असो वा पांचवारी, पोटरी व पाऊल उघडें राहतें आणि निऱ्या जमिनीवरचा ओलावा ओढून घेतात. पातळाखालीं गरम लेंगा घालावा, स्वेटर पुऱ्या बाह्यांचा व कमरेखालीं येणारा असावा. वडील बायकांस हें रुचत नाहीं, सोंवळ्याचीहि अडचण पुढें केली जाते. परंतु लोंकरीची धाबळी सोंवळ्यांत चालते हें त्यांनींच आपणांस शिकविलें आहे. मंदिरांत पादत्राणें बाहेर ठेवावीं लागतात व फरशी ओली असते, म्हणून लोंकरीचे पायमोजे माणशीं चार जोड तरी घ्यावे आणि ओला झालेला जोड लगेच बदलावा. कानटोपी प्रत्येकास हवी, ती शोभत नसली तरी हवी.

प्रवासाची गोष्ट वेगळी सांगावयास पाहिजे. पौषांत धुक्यामुळें उत्तरेकडील गाड्या पुष्कळदां कित्येक तास उशिरा पोंचतात, आणि वातानुकूलित नसलेल्या शयनयानाच्या डब्यांत पांघरूण मिळत नाहीं. गरम कपडे बॅगेच्या तळाशीं घालून ती बॅग बांकाखालीं लोटून दिली तर मध्यरात्रीं सतना-माणिकपूरच्या आसपास त्यांचा कांहीं उपयोग नाहीं. एका रात्रीचे कपडे हाताजवळच्या पिशवींत असावे. आणि कपडे अपुरे पडले म्हणून बंद खोलींत कोळशाची शेगडी घेऊन कदापि निजूं नये. तिच्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस वास नाहीं, रंग नाहीं. निजलेला मनुष्य निजलेलाच राहतो.

सन २०२३ च्या फेब्रुवारींत वहिनींना घेऊन आम्ही पुन्हां काशीस गेलों. ह्या खेपेस यादी सूनबाईनें केली. पहिलेंच नांव वहिनींचें, आणि त्याखालीं पुऱ्या बाह्यांचे दोन स्वेटर, गरम लेंगे, पायमोजे, नवी शाल असें सर्व यथास्थित लिहिलेलें. वहिनी म्हणाल्या, "मला कशाला ग एवढें?" कोणीं ऐकलें नाहीं. यादी आमच्याकडे तपासावयास आली तेव्हां आम्हीं आधीं नांवें मोजलीं. सहा भरलीं. पुन्हां मोजलीं; सहाच. जावयाचीं माणसें सात होतीं, आणि जें नांव नव्हतें तें सूनबाईचें होतें.

आम्हीं पेन्सिल घेऊन तें सर्वांच्या वर लिहिलें. आपल्याकडेहि यंदा अशी एखादी यादी होईल. ती ज्यांच्या हातीं तपासण्यासाठीं येईल त्यांनीं कपडे मागाहून पाहावे. आधीं नांवें मोजावीं.